तुपाच्या डब्यात पिकलेली ‘बाजारची’ स्ट्रॉबेरी

अन्याय झाला माझ्या आत्यावर. बहात्तर सालच्या डिसेंबरच्या चोवीस तारखेला, रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. ही वेळ हॉलच्या घड्याळाप्रमाणे. ते घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं हे सगळ्या कंपाउंडला माहीत आहे, तेव्हा समितीची हरकत असेल तर चार वाजून पाच मिनिटं धरा. पाच मिनिटांवरून मी भांडणार नाही. बाकी सगळ्यावरून भांडणार आहे.

नावं लिहिणार नाही. नाव लिहिलं की भांडण माणसाशी होतं, आणि माझं भांडण एका चिठ्ठीशी आहे. चिठ्ठी दोन ओळींची. आत्याच्या भरतकामाच्या वहीत मी ती जपून ठेवली आहे. कुणाला पाहायची असेल तर दाखवीन, फक्त हात धुऊन या. आमच्या कंपाउंडात स्वच्छतेला फार महत्त्व आहे. किती, ते पुढे येईलच.

आत्या नगरच्या एका मिशन कंपाउंडात राहते आणि तिथल्या मुलींच्या वसतिगृहात हस्तकला शिकवते. नऊ वर्षं शिकवते आहे आणि नऊही वर्षं हंगामी आहे. दर जानेवारीत वसतिगृहाची समिती बसते, चहा घेते, आत्याच्या कायम नेमणुकीचा विचार करते, आणि विचार करून दमल्यामुळे निर्णय पुढच्या जानेवारीवर टाकते. नोकरीबरोबर एक खोली आणि पूर्वेकडे तोंड केलेला व्हरांडा मिळतो. नोकरी गेली की खोली गेली. आत्याला नवरा नाही, शेत नाही, दुसरीकडे घर नाही. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजतं.

माझे वडील पुणतांब्याकडे शाळामास्तर. पण कळायला लागल्यापासून माझा नाताळ आत्याकडेच झाला, आणि कॉलेजात आल्यापासून तर मी तिच्याच खोलीत राहते. दुष्काळी कामावरच्या बायकांसाठी आमचा गट पत्रकं काढायचा, ती लिहायचं काम माझ्याकडे असे. पत्रकात पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला ते लिहायचं आणि शेवटच्या ओळीत काय पाहिजे ते, असं मला शिकवलं आहे. मधे काय लिहायचं ते कुणी शिकवलं नाही. म्हणून मधे आठवणी आहेत.

आत्याचा नाताळ दिवाळी संपली की सुरू होतो. बुरुडाकडून मोडक्या टोपल्या मागून आणायच्या, त्यांच्या कामट्या सोलायच्या, भिजत घालायच्या आणि सुतळीने बांधून चांदण्या करायच्या. वरून पतंगाचा कागद. चहाच्या दुकानदाराकडे खोक्याच्या आतला चंदेरी कागद असतो, तो मिळवण्यासाठी आत्या त्याच्याशी वर्षभर गोड बोलते. मुलींच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पताका होतात. मी सहा वर्षांची असताना माझ्या डोक्यावर अशी एक पताका होती, तिच्यावर कुणाचा तरी भागाकार लाल शाईने चुकलेला होता. उपासना चालू असताना मी तो वर बघून सोडवत बसले होते आणि वडिलांचा चिमटा खाल्ला होता.

येशूजन्माच्या देखाव्यात गव्हाणीपाशी ठेवायची मेंढरं जुन्या उशीच्या कापसाची. पाय जळक्या काड्यांचे. वसतिगृहात पाथर्डीकडच्या पुष्कळ मुली असतात. घरचे सगळे ऊसतोडीला गेलेले, म्हणून त्या नाताळात इथेच राहतात. वसतिगृहाची स्वयंपाकीणही तिकडचीच. तिला सगळे मावशी म्हणतात. तिचे दोन्ही मुलगे आणि सुना दिवाळीनंतर गाडीत बसून कारखान्याच्या फडावर जातात आणि मावशी मात्र इथे शंभर भाकऱ्या थापते. एका वर्षी मी केलेलं मेंढरू तिने हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिलं.

“ताई, ह्ये मेंढरू हाय का ससा?”

“मेंढरू.”

“मंग त्याला सांगून ठिवा. त्याला ठाव न्हाई.”

फराळाचंही तसंच. साखर रेशनची, ती ऑक्टोबरपासून चिमूट चिमूट मागे टाकायची. करंज्या, शंकरपाळी घरी होतात. नानकटाईसाठी मात्र मैदा, तूप, साखर, सगळं आपलं घेऊन बेकरीत जायचं, तिथल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये आपल्या हाताने थापायची, आपल्या नावाची चिठ्ठी लावायची आणि भट्टीपुढे रांगेत बसायचं. केक आत्या घरीच करते. पातेल्यात वाळू, वाळूवर डबा, खाली विस्तव आणि झाकणावरही विस्तव. केक मधोमध थोडा खचतो. दरवर्षी खचतो, आणि दरवर्षी आत्या त्या खड्ड्यात बोरांचा मुरंबा भरून तो मुद्दाम ठेवलेला खड्डा आहे असं दाखवते. हीच काय ती तिची लबाडी. समितीने हवी तर याची चौकशी करावी.

आता बहात्तर साल. ते कसं गेलं ते नगर जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. नळ एक दिवसाआड, तोही वाटेल तेव्हा. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. मैदा दिसेनासा झाला, तेव्हा आत्याने चांदण्यांसाठी मिलोच्या पिठाची खळ शिजवली. खळ तांबडी झाली आणि सगळ्या पांढऱ्या चांदण्यांना कडेने तपकिरी काठ आला. मुलींना वाटलं ती नवी नक्षी आहे. मावशी म्हणाली, “लुगड्यावानी दिसतीया.” त्या वर्षी आमच्या व्हरांड्यात लुगड्याच्या काठाची चांदणी टांगलेली होती, आणि मला विचाराल तर इतकी चांगली चांदणी पुन्हा झाली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात वसतिगृहाची जीप काही कामाने महाबळेश्वरला गेली होती. ड्रायव्हरने येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून स्ट्रॉबेरीची तीन रोपं आणली. कुणाला नको होती. पाण्याचं नाव काढलं की माणसं तोंड फिरवत होती, तिथे हे लाड कोण करणार? आत्याने घेतली. वनस्पती तुपाच्या तीन रिकाम्या डब्यांना खालून खिळ्याने भोकं पाडली, राख आणि शेणखत घातलेली माती भरली, आणि ते डबे व्हरांड्यात पाण्याच्या माठाखाली ठेवले.

ही जागा नीट समजून घ्या. सगळी गोष्ट तिथेच आहे. माठ लाकडी तिवईवर होता. नवा माठ झिरपतो, त्याचं पाणी दिवसभर थेंब थेंब खाली पडतं. त्या पाण्याचं कुणी काही करत नाही, फरशी ओली होते आणि सुकते. आत्याने तिवईखाली तीन डबे ठेवले. सकाळचं ऊन पूर्वेकडून थेट डब्यांवर, दुपारी माठाची सावली, आणि दिवसभर थेंब. रोपांना वेगळं पाणी असं तिने तांब्याभरही घातलं नाही. कंपाउंडातल्या प्रत्येक घरात माठ आहे आणि प्रत्येक माठ झिरपतो. सुचलं एकटीला.

नोव्हेंबरात पांढरी फुलं आली. मावशी रोज भाकरीचं पीठ न्यायला आमच्या व्हरांड्यावरून जायची आणि रोज वाकून बघायची.

“बाई, ह्या इलायती बोराला काटं कसं न्हाईत?”

“नसतात याला.”

“मंग राखान कोन करनार?”

राखण कुणी केली नाही, म्हणून पहिलं पिकलेलं फळ बुलबुलाने खाल्लं. त्यानंतर आत्याने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा वरून घातला. नाताळच्या आठवड्यात सात फळं एकदम पिकली. लहानच होती, अंगठ्याच्या पेराएवढी, पण लालभडक. आत्या त्यांच्याकडे बघून म्हणाली, “या वर्षी टेबलावर या ठेवू.”

हे टेबल म्हणजे आमच्या कंपाउंडातलं मोठं प्रकरण. नाताळच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये घरगुती हस्तकला आणि फराळाचं प्रदर्शन भरतं. पांढरं शुभ्र कापड घातलेली लांब टेबलं असतात. भिंतीवर पुठ्ठा लावतात, त्यावर दोन नियम. पहिला, वस्तू घरी केलेली असावी. दुसरा, टेबल स्वच्छ ठेवावे. परीक्षक दोन: महिला मंडळाच्या अध्यक्षबाई आणि निवृत्त हेडमास्तर. हेच दोघं वसतिगृहाच्या समितीवरही आहेत, म्हणजे डिसेंबरात आत्याची चांदणी तपासणारे आणि जानेवारीत आत्याची नोकरी तपासणारे डोळे तेच. त्यामुळे त्या टेबलावर आत्याची बाकीच्यांसारखी नुसती करंजी नसते. तिचं सगळं वर्ष असतं.

आता माझा गुन्हा. तो लपवला तर पत्रक खोटं ठरेल.

मी म्हणाले, डबाच घेऊन जाऊ या, फळं रोपालाच राहू देत. आत्या म्हणाली, “मातीचा डबा पांढऱ्या कापडावर? वेड लागलंय का?” आत्या ज्या मडमेच्या हाताखाली शिकली, ती नखं तपासून शिवणाच्या वर्गात घ्यायची. चाळीस वर्षांपूर्वीची ती मडम आपल्या देशी परत गेली, पण आमच्या कंपाउंडातल्या बायकांची नखं ती अजून तपासते आहे. टेबलाला माती लागणं म्हणजे पाप. तेव्हा फळं तोडली. आत्याने ती धुतली आणि मऊ फडक्याने एकेक पुसली. मग मी पुढे झाले. पुणे स्टेशनवर मी एकदा स्ट्रॉबेरीची टोपली पाहिली होती. तशीच टोपली मी कामट्यांची विणली, आत हिरवा पतंगाचा कागद कातरून घातला आणि त्यावर सात फळं मांडली. जशीच्या तशी. आत्या जिंकावी म्हणून मी ती टोपली बाजारच्या टोपलीइतकी देखणी केली. पहिल्या नियमाचा सगळा पुरावा आम्ही दोघींनी मिळून दुसऱ्या नियमापायी धुऊन टाकला.

त्या रविवारी हॉलमध्ये आत्याच्या टोपलीशेजारी एक स्टीलची ताटली होती. तीत अध्यक्षबाईंच्या सुनेने केलेल्या स्ट्रॉबेऱ्या होत्या. खोबऱ्याच्या. खोबऱ्याच्या वडीचं सारण, लाल रंग, वरून बियांच्या जागी खसखस आणि डोक्यावर हिरव्या कागदाचा देठ. सुंदर होत्या, मी नाही म्हणणार नाही. खऱ्या स्ट्रॉबेरीपेक्षा मोठ्या होत्या आणि जास्त लाल होत्या. खऱ्या स्ट्रॉबेरीला तेवढं जमत नाही.

अध्यक्षबाईंनी आत्याची टोपली दोन बोटांनी उचलली.

“कुठून मागवल्या?”

“घरच्या आहेत,” आत्या म्हणाली.

“म्हणजे कुणाच्या घरच्या?”

“माझ्या. व्हरांड्यात, माठाखाली डब्यात लावल्यात.”

अध्यक्षबाईंनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते पूर्वी भूगोल शिकवायचे.

“बाई, मी महाबळेश्वरला तीनदा जाऊन आलोय.”

“मग तुम्हाला ओळखू आल्या असतील,” आत्या म्हणाली.

“म्हणूनच म्हणतो. अगदी तिथल्यासारख्या आहेत. नगरची हवा वेगळी, जमीन वेगळी. इथे स्ट्रॉबेरी होत नाही.”

मावशी चहाचे कप घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली, “हुती की. मी रोज बगतीया. डब्याला लागल्याली हुती, आज सकाळच्याला तोडली. चला, दावते. हितं तर हाय.”

“मावशी, तुम्ही चहाचं बघा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“च्या झाला. च्या कुटं जातोय?”

मग मी बोलले. इथे मला थांबायला पाहिजे होतं, पण दोन महिने मी दुष्काळी कामावर मुकादमांशी भांडत होते आणि आवाज खाली आणायची सवय गेली होती. मी म्हणाले की हॉलपासून आमचा व्हरांडा दिसतो, परीक्षकांनी उठून बघायला काय हरकत आहे, की खुर्चीला खळ लावली आहे. शेवटचं वाक्य नको होतं. हेडमास्तर म्हणाले, “हल्लीच्या मुली,” आणि त्या दोन शब्दांत आमचा खटला संपला.

पण अध्यक्षबाई न्यायी आहेत. त्यांनी दुसरी बाजूही विचारात घेतली. त्या म्हणाल्या, “आणि समजा, घरच्या असल्या. तर मग या वर्षात हे पाणी आलं कुठून? माणसांना प्यायला नाही, आणि आपण फळझाडांचे शौक करायचे? मुलींनी काय शिकायचं यातून?”

“झिरपलेलं पाणी आहे,” आत्या हळूच म्हणाली. तोवर चिठ्ठी लिहून झाली होती.

ती चिठ्ठी शब्दशः देते. पहिली ओळ: ‘बाजारातून आणलेले. स्पर्धेसाठी विचार नाही.’ त्याखाली जरा बारीक अक्षरात दुसरी ओळ: ‘पाण्याची काटकसर करावी.’

परत एकदा वाचा. आत्याने स्ट्रॉबेऱ्या बाजारातून आणल्या, आणि त्या पिकवायला पाणीही नासलं. विकतच्या फळाला घरी पाणी घालणारी बाई सगळ्या महाराष्ट्रात एकच, ती माझी आत्या. हे दोन आरोप एकाच चिठ्ठीवर, एकाच शाईने, एकाखाली एक बसले आणि भांडले नाहीत. आमच्या कंपाउंडात एवढी एकी दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

पहिलं बक्षीस, स्टेनलेस स्टीलची वाटी, खोबऱ्याच्या स्ट्रॉबेऱ्यांना मिळालं. त्या घरच्या होत्या, त्यांना पाणी लागलं नव्हतं. दुसरं बक्षीस बेकरीतून भाजून आणलेल्या केकला. ते योग्यच. बेकरी हे प्रत्येकाचं घर आहे. आत्याच्या फळांचा स्पर्धेसाठी विचार नव्हता, तरी नमुना म्हणून परीक्षकांनी एकेक उचललं. अध्यक्षबाई खाऊन म्हणाल्या, “बाजारची असली तरी ताजी आहे हो.”

त्यांनी ताजी का आहे याचा विचार केला असता तर मला हे लिहावं लागलं नसतं.

संध्याकाळी मी हॉलच्या दारापासून आमच्या माठापर्यंत पावलं मोजली. एकशे चौऱ्याऐंशी. साडी नेसलेल्या बाईची जरा जास्त होतील, दोनशे धरा. ती दोनशे पावलं कुणी चाललं नाही. मला पत्रक काढायचं होतं, मथळासुद्धा तयार होता. आत्या शंकरपाळी डब्यात भरत होती. ती म्हणाली, “पत्रक नंतर काढ. आधी ताटं पूस, सकाळी वाटायचीत.”

नाताळच्या सकाळी उपासना झाली की कंपाउंडातल्या घराघरांत फराळाची ताटं फिरतात. वर विणलेला रुमाल, खाली करंजी, शंकरपाळी, नानकटाई. आणि एक रीत आहे, ती आमच्याकडे बायबलइतकी पाळतात: दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायची. आत्याने उरलेल्या पाच स्ट्रॉबेऱ्यांचे सुरीने दहा तुकडे केले. नऊ घरांची नऊ ताटं, प्रत्येकात एक. दहावा मावशीला. अध्यक्षबाईंच्या ताटातही एक तुकडा होता. मी म्हणाले त्यांचा मला दे. आत्या म्हणाली, “त्यांनी खाल्लीय, तू नाही. पण ताट त्यांचं आहे.” म्हणून माझ्या वाट्याला स्ट्रॉबेरी आलीच नाही, आत्याच्याही आली नाही. चव कशी होती ते मला मावशीने सांगितलं. “आंबट हाय. आपली बोरं बरी. पर रंग लई झ्याक.”

जानेवारीत समिती बसली. पत्र आलं की हस्तकला शिक्षिकेच्या कायम नेमणुकीचा विचार तूर्त पुढे ढकलण्यात येत आहे. तूर्त हा शब्द आमच्या ओळखीचा, दरवर्षी येतो. या वेळी मात्र त्याला खाली एक शेपूट होतं: पुढील जानेवारीत अंतिम विचार करून आवश्यक तर दुसरी व्यवस्था करण्यात येईल. दुसरी व्यवस्था म्हणजे दुसरी बाई, आणि दुसऱ्या बाईला राहायला हीच खोली. आमच्या चर्चचे पाळकसाहेबही समितीत बसतात. ते भले आहेत, त्यांनी आत्याला बाजूला घेऊन कारण सांगितलं. “तसं काही नाही हो बाई. ते नाताळातलं जरा लोकांच्या मनात आहे. विकतचं घरचं म्हणून दाखवणारी बाई मुलींना हस्तकला काय शिकवणार, असं कुणीतरी म्हणालं.”

“तुम्ही काय म्हणालात?” आत्याने विचारलं.

“मी म्हणालो, प्रार्थना करू.”

आत्या म्हणाली, “मी डबे दाखवते ना, चला.” पण पाळकसाहेबांना कुठेतरी जायचं होतं. रोपं तेव्हाही माठाखालीच होती, आणि दोन फळं लागलेली होती.

आता मजा ऐका. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात रोपांनी आजूबाजूला लांब दोरे सोडले. स्ट्रॉबेरीचं असं आहे की ती दोरा सोडते आणि दोऱ्याच्या टोकाला तिचं पिल्लू धरतं. टोक मातीला टेकलं की मुळं फुटतात. आत्याने गावातून फुटकी मडकी गोळा करून एकेका पिल्लाखाली ठेवली. जुलैपर्यंत व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि एका सकाळी शेजारच्या घरातून तुपाचा रिकामा डबा आला. “बाई, एखादं पिल्लू द्याल का? मुलांना हौस.” आत्याने दिलं. मग दुसरा डबा आला, मग तिसरा. ऑगस्टच्या आत आठ डबे येऊन भरून गेले. एकानेही विचारलं नाही की बाई, ही बाजारातली स्ट्रॉबेरी पिल्लं कशी घालते?

नववा डबा अध्यक्षबाईंचा. त्या स्वतः आल्या नाहीत, भांडी घासणाऱ्या बाईच्या हाती पाठवला. निरोप होता, “एखादं उरलं असेल तर.”

मी डबा दारातच धरून ठेवला. आत्याला म्हणाले, हा रिकामा परत जाईल, आणि आत मी त्यांचीच चिठ्ठी घालून पाठवीन. आत्याने माझ्या हातातून डबा घेतला. खिळा घेऊन बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि सगळ्यात दांडगं पिल्लू त्यात लावलं.

“का?” मी विचारलं.

“डबा रिकामा परत पाठवायचा नसतो.”

“त्यांनी तुझी नोकरी घालवलीय.”

“अजून नाही घालवली. आणि घालवली तरी डबा त्यांचा आहे.”

मावशी तेव्हा पीठ न्यायला आली होती. ती म्हणाली, “बाई, त्या डब्यात जरा शेनखत जास्त घाला. त्येंच्या हाताला पीक याया पायजे. मंग बगू काय लिवत्यात.” आत्या हसली. नोकरीचं ते पत्र आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

आता डिसेंबर लागला आहे. यंदा पाऊस बरा झाला, माठाशिवायही पाणी आहे. मी कंपाउंडात फिरून आले. नऊच्या नऊ डब्यांत रोपं जगली आहेत. सहांना फुलं आहेत. अध्यक्षबाईंच्या डब्याला तर हिरवी फळं धरली आहेत, बहुतेक मावशीच्या शेणखताने. आत्या मुलींना घेऊन चांदण्या करते आहे, मैद्याच्या पांढऱ्या खळीच्या, बिनकाठाच्या. पण तिने सांगून टाकलं आहे की यंदा ती टेबलावर काही मांडणार नाही. “मांडलं की चिठ्ठी येते,” म्हणाली. आणि जानेवारीत समिती तिचा अंतिम विचार करणार आहे, तेव्हा समितीच्या कागदात तिच्या बाजूने एक ओळ नाही, आणि विरुद्ध दोन आहेत.

हे वाचणारे तुम्ही आमच्या कंपाउंडाबाहेरचे असाल, तर तुमच्याकडे मागणं थोडं आहे. कुठे ना कुठे तुम्हीही परीक्षक असालच. कुणाच्या कामावर चिठ्ठी लिहिण्याआधी खुर्चीतून उठा आणि दोनशे पावलं चाला.

आणि तुम्ही त्या नऊ घरांतले असाल, तर तुमच्यापाशी मला काय मागायचं आहे ते तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल. या चोवीस तारखेला, सोमवारी, हॉलच्या घड्याळात चार वाजता, तुमचा डबा घेऊन या. फळ तोडू नका. डबा पुसू नका. मातीसकट, शेणखतासकट, गंजासकट आणा आणि परीक्षकांच्या पुढ्यात पांढऱ्या कापडावर ठेवा. फळ धरलं नसेल तर नुसतं रोप चालेल. त्यावर एक कागद लावा आणि हे रोप तुम्हाला कुणी दिलं ते आपल्या हाताने लिहा, खाली सही करा. तो कागद जानेवारीत समितीपुढे गेला पाहिजे. वर्षापूर्वी तिच्या ताटातून आलेली अर्धी स्ट्रॉबेरी तुम्ही खाल्ली आहे, आणि पावसाळ्यात तिने तुमचा डबा भरून दिला आहे. तो आणा.